स्टेकिंगची माहिती थेट चेनवरून कशी काढायची: पत्त्यापासून ३१ मार्चच्या आकड्यापर्यंत

दर जुलैत आमच्या दादरच्या ऑफिसात हेच होतं. कुणीतरी फोन पुढे करतं, क्रिप्टो वॉलेटचा स्क्रीनशॉट दाखवतं आणि म्हणतं, "एवढं स्टेक आहे, लावून टाका." (स्टेक म्हणजे ब्लॉकचेन, पुढे नुसतं "चेन", चालवायला हातभार म्हणून अडकवून ठेवलेले क्रिप्टोचे नग; बदल्यात रिवॉर्ड मिळतं.) स्क्रीनशॉटवर तारीख नसते, पत्ता मधूनच कापलेला असतो. आकडा आजचा असतो आणि हवा असतो ३१ मार्चचा. मागच्या वर्षी मुलुंडचे एक काका तर घाम पुसतच जिना चढून आले. एक्सप्लोररवर, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, त्यांनी स्वतःचा सोलानाचा पत्ता टाकला होता आणि शिल्लक दिसत होती जवळजवळ शून्य. "ताई, सगळं गेलं." गेलं काहीच नव्हतं. काका बचत खात्यात बघत होते आणि पैसे होते एफडीत.

खालचा क्रम मी हिशेबाच्या कामासाठी वापरते. उदाहरणं तीन चेनची आहेत: कॉसमॉस हब, सोलाना आणि इथेरियम. कुठे स्टेक करावं, परतावा किती मिळतो, हे इथे सापडणार नाही. कर कसा लागतो तेही तुमच्या सीएला विचारा. त्याच्यापुढे ठेवायची यादी बिनचूक कशी करायची, तेवढंच इथे आहे.

## आधीची तयारी

कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: चेनचं नाव, तुमचा सार्वजनिक पत्ता, स्टेक कुठल्या ॲपमधून केलं, आणि पहिल्यांदा केलं तो महिना. महिना अंदाजे असला तरी चालेल. तो का लागतो ते सहाव्या टप्प्यात कळेल.

एक्सेलची कोरी शीट उघडा आणि आकडे येणारे कॉलम आधीच "टेक्स्ट" करून ठेवा. हे नंतर करून चालत नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नीट धरतं, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात. चेनवरचे आकडे १८-१९ अंकी सहज असतात. एकदा शून्य झालेले अंक कॉलम बदलला म्हणून परत येत नाहीत.

आणखी एक बारीकसं: या लेखातले आकडे मराठी अंकात आहेत. शोधचौकटीत टाकताना ते इंग्रजी अंकांत टाका, नाहीतर "काहीच सापडलं नाही" असं उत्तर येईल आणि दोष लेखाला लागेल.

सावधान: हे सगळं वाचायचं काम आहे. सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस वाचायला सेक्रेटरीच्या कपाटाची किल्ली लागत नाही. तुमच्या वॉलेटचे गुप्त १२ किंवा २४ शब्द, प्रायव्हेट की, "वॉलेट कनेक्ट करा" यातलं काहीही इथे लागत नाही. स्टेकची माहिती दाखवण्यासाठी कोणी हे मागितलं, तर तो टॅब तिथेच बंद करा. टेलिग्रामवर "अडकलेलं स्टेक सोडवून देतो" म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

## टप्पा १: स्टेक नेमकं कुणाच्या नावावर आहे ते ठरवा

निम्मे घोळ इथेच होतात, कारण हा टप्पा कुणी करतच नाही.

स्टेक एक्स्चेंजच्या ॲपमधून केलं असेल, तर चेनवर तुमचं नाव नाही. तिथे एक्स्चेंजचा मोठा पत्ता आहे आणि त्यात हजारो लोकांचे नग एकत्र आहेत. तुमचा वाटा फक्त एक्स्चेंजच्या वहीत लिहिलेला असतो. त्यांच्याकडून स्टेटमेंट मागवा. पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत.

लिडोसारख्या सेवेतून केलं असेल तर तुमच्या हातात टोकन आलेलं असतं. त्यामागचे व्हॅलिडेटर (चेनवरचे व्यवहार तपासून नोंदवणारे) तुमच्या नावावर नसतात, तेव्हा ते शोधण्यात वेळ घालवू नका. टोकनची शिल्लक बघायची, बस. पण यात दोन जाती आहेत. लिडोच्या एसटीईथची शिल्लक आपोआप वाढत जाते. त्याच्याच "रॅप्ड" जातीत नग तेवढेच राहतात आणि प्रत्येक नगाची किंमत वाढते. दुसऱ्या जातीत "वर्षभर रिवॉर्डच नाही" अशी तक्रार घेऊन लोक येतात. सोलानावरच्या एमसोल आणि जिटोसोलचंही या दुसऱ्या जातीसारखंच आहे.

स्वतःच्या वॉलेटमधून व्हॅलिडेटर निवडून डेलिगेट केलं असेल (त्याच्याकडे स्टेक सोपवलं असेल), किंवा स्वतः व्हॅलिडेटर चालवत असाल, तर पुढे चला.

तपासा: वॉलेटच्या व्यवहारयादीत तुम्ही स्वतः सही केलेला "डेलिगेट" किंवा "स्टेक" असा व्यवहार सापडतोय का? सापडत नसेल, तर तुम्ही बहुधा पहिल्या दोन प्रकारांत आहात.

## टप्पा २: योग्य पत्ता हातात घ्या

कॉसमॉस हबवर तुमचा पत्ता चेनच्या नावाने सुरू होतो आणि लगेच १ येतो. व्हॅलिडेटरच्या पत्त्यात मात्र चेनच्या नावाला "व्हॅलोपर" जोडलेलं असतं. घाईत व्हॅलिडेटरचा पत्ता कॉपी झाला तर कोट्यवधींचं स्टेक समोर येतं. एकाने खरंच तो आकडा मला पाठवला होता, वर "हे जरा जास्त वाटतंय" अशी टीप.

सोलानावर चुकणं सर्वांत सोपं, कारण तिथे तीन वेगवेगळे पत्ते दिसायला अगदी सारखे असतात: तुमच्या वॉलेटचा, स्टेक अकाउंटचा आणि व्हॅलिडेटरच्या व्होट अकाउंटचा (ज्याला तुम्ही स्टेक सोपवता ते खातं). सुरुवातीला कुठलाही ठरलेला शब्द नाही, कुठलीही खूण नाही. पहिल्या दिवशीच तिघांपुढे "वॉलेट", "स्टेक", "व्होट" असं शीटमध्ये लिहून टाका.

इथेरियमवर वॉलेटचा पत्ता म्हणजे "शून्य-एक्स" आणि पुढे ४० अक्षरं. व्हॅलिडेटरची सार्वजनिक की ९६ अक्षरांची असते. शिवाय प्रत्येक व्हॅलिडेटरला एक साधा क्रमांक असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. स्टेकची चौकशी करायची ती कीने किंवा इंडेक्सने.

सावधान: पत्ता वॉलेटच्या "रिसीव्ह" पानावरून कॉपी करा, जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीच नाही. तुमच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं जुळतील असा पत्ता बनवून त्यावरून चिल्लर रक्कम पाठवायची, म्हणजे तो तुमच्या यादीत येऊन बसतो, हा ठगांचा नेहमीचा डाव आहे. दोन्ही टोकांबरोबर मधली चार-पाच अक्षरंही जुळवा.

एकाच गुप्त शब्दमालेतून अनेक खाती निघतात, तेही लक्षात असू द्या. फोन बदलल्यावर ॲप कधीकधी पहिलंच खातं उघडतं आणि तुमचं स्टेक असतं दुसऱ्यात.

## टप्पा ३: कुणाला विचारायचं ते ठरवा

आजचा आकडा हवा असेल तर एक्सप्लोरर पुरतो: कॉसमॉससाठी मिंटस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन, इथेरियमच्या वॉलेटसाठी इथरस्कॅन आणि व्हॅलिडेटरसाठी बीकन चेनचा (इथेरियमच्या व्हॅलिडेटरांची नोंद ठेवणाऱ्या भागाचा) एक्सप्लोरर. मागच्या तारखेचा आकडा हवा असेल, किंवा एक्सप्लोररवर शंका असेल, तर नोडला (चेनची वही ठेवणाऱ्या कॉम्प्युटरला) थेट विचारावं लागतं. थोडं तांत्रिक आहे, पण घरात कॉम्प्युटर शिकणारं पोर असेल तर अर्ध्या तासाचं काम.

नोडला काहीही विचारण्याआधी त्याचा शेवटचा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) मागवा आणि त्या ब्लॉकच्या वेळेत साडेपाच तास मिळवून (चेनचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं) ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. काही सेकंदांचा किंवा मिनिटभराचा फरक ठीक. तास-दोन तासांचा फरक म्हणजे नोड मागे पडलाय आणि त्याची सगळी उत्तरं शिळी आहेत. नोड तुम्हाला "मी मागे आहे" असं आपणहून सांगत नाही.

मेननेट (खऱ्या पैशांची चेन; टेस्टनेट ही नुसती सरावाची) आहे ना, हेही बघा. पॉलिगॉनच्या जुन्या टेस्टनेटचं नाव चक्क "मुंबई" होतं. आपल्या शहराचं नाव बघून जुन्या व्हिडिओंतली ती सेटिंग्ज कित्येकांनी आपुलकीने उतरवून घेतली. एप्रिल २०२४ मध्ये ते टेस्टनेट बंद झालं, आणि चालू होतं तेव्हाही तिथल्या नगांना किंमत नव्हती.

पॉलिगॉनची दुसरी गंमतही इथेच सांगते. त्याचं स्टेकिंग पॉलिगॉनवर होत नाही, इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) होतं. पॉलिगॉनच्या एक्सप्लोररवर कितीही शोधलं तरी स्टेक दिसणार नाही. तोच पत्ता इथेरियमवर टाका.

## टप्पा ४: प्रश्न या क्रमाने विचारा

### कॉसमॉस हब

आधी ब्लॉकची उंची, म्हणजे त्याचा अनुक्रमांक, लिहून घ्या. मग त्याच उंचीवर चार प्रश्न विचारा:

1. खुली शिल्लक किती?
2. डेलिगेशन किती आणि कुठल्या व्हॅलिडेटरकडे?
3. अनबॉन्डिंगमध्ये किती आणि ते कधी मोकळं होणार?
4. न उचललेलं रिवॉर्ड किती?

चारही उत्तरांची बेरीज म्हणजे तुमचं एकूण. एकाच उंचीवर विचारायचं कारण असं: अनेकांनी आपोआप रिवॉर्ड उचलून पुन्हा स्टेक करणारी सोय लावून ठेवलेली असते. तुम्ही चौथा प्रश्न आधी विचारला, चहा घेतला आणि मग दुसरा विचारला, तर तेच रिवॉर्ड एकदा रिवॉर्ड म्हणून आणि एकदा डेलिगेशन म्हणून धरलं जातं.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. अनस्टेक केल्यावर नग २१ दिवस मधल्या अवस्थेत असतात. त्या काळात ते डेलिगेशनमध्ये दिसत नाहीत आणि खुल्या शिल्लकीतही नाहीत. ३१ मार्च या २१ दिवसांच्या मध्ये पडला की हिशेबातून एक गठ्ठाच गायब होतो.

उलट बाजूने, "रीडेलिगेशन" नावाची एक यादीही मिळते. ती बेरजेत धरू नका. एका व्हॅलिडेटरकडून दुसऱ्याकडे हलवलेले नग डेलिगेशनच्या यादीत आधीच आलेले असतात. ही यादी फक्त हलवल्याची नोंद आहे.

डेलिगेशनच्या उत्तरात "शेअर्स" आणि "बॅलन्स" असे दोन आकडे येतात. घ्यायचा तो बॅलन्स. व्हॅलिडेटरला दंड झालेला नसेल तोवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लोक कुठलाही उचलतात. दंड झाला की शेअर्स तेवढेच राहतात आणि बॅलन्स घटतो.

तपासा: उत्तराच्या तळाशी "नेक्स्ट की" रिकामी आहे का? भरलेली असेल तर यादीचं पहिलंच पान तुमच्या हातात आहे. पुढचं पान मागवा.

### सोलाना

काकांची गोष्ट इथली. सोलानावर स्टेक केलं की नग वॉलेटच्या खात्यातून निघून एका वेगळ्या स्टेक अकाउंटमध्ये जातात. वॉलेट त्या खात्याचा मालक असतं, पण खातं वेगळं. फँटमसारख्या वॉलेटमधून प्रत्येक वेळी स्टेक करताना नवं स्टेक अकाउंट उघडतं. काकांची ७ निघाली. त्यांना वाटत होतं, एकच आहे.

सोपा मार्ग: एक्सप्लोररवर वॉलेटचा पत्ता टाका आणि "स्टेक अकाउंट्स" असा टॅब शोधा.

पक्का मार्ग: नोडला स्टेक प्रोग्रामची खाती मागा आणि गाळणी लावा. प्रत्येक स्टेक अकाउंट २०० बाइटचं असतं. त्यात १२ व्या बाइटपासून "स्टेकर"चा पत्ता असतो, ४४ व्या बाइटपासून "विथड्रॉवर"चा आणि १२४ व्या बाइटपासून व्होट अकाउंटचा. मालकी बघायची तर ४४ वर गाळा, कारण पैसे काढायचा हक्क ज्याचा, खातं त्याचं. मग १२ वरही गाळून बघा. एखादं खातं एकाच यादीत आलं, तर अधिकार कुणाला तरी दिलेला आहे. तो तुम्हीच दिला होता का, हे शांतपणे आठवा.

फुकटचे सार्वजनिक नोड हा प्रश्न बरेचदा नाकारतात, कारण त्यांच्यावर फार भार पडतो. तुमच्या प्रश्नात चूक आहे असं समजून तासभर डोकं खाजवू नका. दुसरा नोड घ्या.

प्रत्येक खात्यासाठी पाच गोष्टी उतरवा: खात्यातली एकूण शिल्लक, डेलिगेट केलेली रक्कम, व्होट अकाउंट, सुरू झाल्याचा एपॉक (सोलानाचा साधारण दोन दिवसांचा कालखंड) आणि बंद केल्याचा एपॉक. बंद केल्याच्या जागी १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असा अजस्र आकडा दिसला तर घाबरू नका. त्या जागेत मावणारा तो सर्वांत मोठा आकडा आहे आणि त्याचा अर्थ "अजून बंद केलेलं नाही". काही साधनं तो शेवटी शून्य लावून गोल करून दाखवतात. अर्थ तोच.

एकूण शिल्लक आणि डेलिगेट केलेली रक्कम कधीच जुळत नाही. खातं जिवंत ठेवण्यासाठी त्यात २२,८२,८८० लॅमपोर्ट, म्हणजे ०.००२२८२८८ सोल, राखीव पडलेले असतात. त्याहून जास्त फरक असेल, तर बहुधा व्हॅलिडेटरने वाटलेला टिपचा (व्यवहार लवकर घ्यावा म्हणून लोकांनी दिलेल्या जादा रकमेचा) वाटा खात्यात येऊन बसलाय आणि तो डेलिगेट झालेला नाही.

### इथेरियम

स्वतःचा व्हॅलिडेटर चालवणारे माझ्याकडे थोडेच येतात, म्हणून थोडक्यात सांगते. इंडेक्स टाका आणि चार गोष्टी बघा: स्थिती, बॅलन्स, इफेक्टिव्ह बॅलन्स आणि विथड्रॉवल क्रेडेन्शियल (पैसे बाहेर कुठे जाणार ते सांगणारी नोंद).

हिशेबात बॅलन्स धरा. इफेक्टिव्ह बॅलन्स रिवॉर्ड मोजण्यासाठी नेटवर्क वापरतं. तो पूर्ण ईथरच्या पायऱ्यांनी हलतो आणि तुमच्या खऱ्या रकमेशी जुळेलच असं नाही.

क्रेडेन्शियलचे पहिले दोन अंक महत्त्वाचे. ०० असेल तर काहीच बाहेर येत नाही, आधी पत्ता जोडावा लागतो. ०१ असेल तर ३२ च्या वरचं जे साचेल ते आपोआप तुमच्या वॉलेटात येत राहतं. ७ मे २०२५ च्या अपग्रेडपासून ०२ हा प्रकार आला. त्यात २,०४८ ईथरपर्यंत रक्कम आतच साचते. ०२ वाले "रिवॉर्ड थांबलं" म्हणून फोन करतात. थांबलेलं नसतं, बाहेर येत नसतं इतकंच.

## टप्पा ५: एककं बदला, पण शेवटी

चेन पैशांत बोलते, रुपयांत नाही, असं समजा. तिचा "पैसा" मात्र फारच बारीक असतो.

कॉसमॉसवर १ ॲटम म्हणजे १० लाख मायक्रोॲटम. सोलानावर १ सोल म्हणजे १०० कोटी लॅमपोर्ट. इथेरियमवर व्हॅलिडेटरचं बॅलन्स ग्वेईत येतं, १ ईथर म्हणजे १०० कोटी ग्वेई. तेच ईथर वॉलेटात गेलं की वेईत मोजतात आणि तिथे एकावर १८ शून्यं. एकाच चेनवर दोन एककं असल्याने इथे चुकायला भरपूर वाव आहे.

कॉसमॉसच्या रिवॉर्डमध्ये एक खास सापळा आहे. उत्तर १३२६४५७.४८२९१३ असं येतं आणि टिंब दिसलं की माणूस समजतो, हा आकडा ॲटममध्येच आहे. तसं नाही. टिंब मायक्रोॲटमच्या आतलं आहे. १० लाखांनी भागा: १.३२६४५७ ॲटम. एका ताईंनी १३ लाख ॲटम रिवॉर्ड लिहून पाठवलं होतं, तेही न दचकता.

मूळ आकडा एका कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवा आणि बदललेला शेजारच्या कॉलममध्ये. मूळ आकड्यावर लिहू नका. उद्या चूक शोधायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

## टप्पा ६: रिवॉर्डचा इतिहास काढा

आजचं न उचललेलं रिवॉर्ड म्हणजे वर्षभराचं रिवॉर्ड नव्हे. गोंधळ सगळ्यांचा होतो, म्हणून चेनवार सांगते.

कॉसमॉस. रिवॉर्ड उचलल्याचे व्यवहार शोधताना लोक "विथड्रॉ रिवॉर्ड" एवढीच गाळणी लावतात. पण तुम्ही त्याच व्हॅलिडेटरकडे आणखी डेलिगेट केलंत, काढून घेतलंत किंवा दुसरीकडे हलवलंत, तरी साचलेलं रिवॉर्ड आपोआप जमा होतं. त्या व्यवहाराचं नाव मात्र "डेलिगेट" असतं. म्हणून असे सगळे व्यवहार उघडून आतल्या नोंदी बघा. शिवाय रिवॉर्ड जमा होण्याचा पत्ता वेगळा ठेवता येतो. कधीकाळी तो बदलला असेल, तर मुख्य पत्त्यावर रिवॉर्ड कधीच दिसणार नाही. तो पत्ता नोडला वेगळा विचारा.

सोलाना. इथे उचलायचं काही नसतं, रिवॉर्ड प्रत्येक स्टेक अकाउंटमध्ये आपोआप जमा होतं. एक एपॉक ४,३२,००० स्लॉटचा (स्लॉट म्हणजे एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ), म्हणजे साधारण दोन दिवसांचा असतो. वर्षाला सुमारे १८० नोंदी, आणि त्या प्रत्येक खात्याच्या. एपॉक आणि स्टेक अकाउंटचा पत्ता देऊन नोडला विचारा. वॉलेटचा पत्ता दिलात तर उत्तर रिकामं येतं. एका एपॉकचं रिवॉर्ड पुढचा एपॉक सुरू झाल्यावर जमा होतं. तेव्हा तारीख लिहायची ती जमा झालेल्या स्लॉटची. वर सांगितलेला टिपचा वाटा या उत्तरात येत नाही, तो खात्याच्या व्यवहारयादीतून वेगळा वेचावा लागतो.

आता तो महिना आठवा, जो सुरुवातीला लिहून ठेवला होता. पूर्ण पैसे काढल्यावर स्टेक अकाउंट बंद होतं आणि आजच्या यादीतून नाहीसं होतं. त्याने वर्षभर कमावलेलं रिवॉर्ड मात्र तुमच्या हिशेबात हवंच. पहिल्या स्टेकच्या महिन्यापासून वॉलेटची व्यवहारयादी चाळा आणि उघडून बंद केलेली खाती हाताने शोधा. कंटाळवाणं काम आहे. मी ते सकाळच्या बोरिवली स्लोमध्ये बसायला जागा मिळाली तर करते.

इथेरियम. तीन प्रवाह आहेत: व्हॅलिडेटरच्या बॅलन्समधली वाढ, वॉलेटात आलेले विथड्रॉवल, आणि ब्लॉक बनवल्यावर मिळालेल्या टिपा. विथड्रॉवल हा व्यवहार मानला जात नाही, म्हणून नेहमीच्या यादीत दिसत नाही. इथरस्कॅनवर त्याचा टॅब वेगळा आहे. टिपा फी स्वीकारण्यासाठी नेमलेल्या पत्त्यावर जातात, आणि तो पत्ता वेगळा असू शकतो.

## टप्पा ७: ३१ मार्चची रेघ ओढा

चेनचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. मुंबईत १ एप्रिल उजाडतो, म्हणजे मध्यरात्रीचे बारा वाजतात, तेव्हा एक्सप्लोररवर ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. एक्सप्लोररवर ३१ मार्च दिसतंय म्हणून ते सगळं मागच्या वर्षात ढकललं, तर साडेपाच तासांचे व्यवहार चुकीच्या वर्षात जातात.

काही एक्सप्लोरर तुमच्या कॉम्प्युटरची वेळ दाखवतात, काही जागतिक. तारखेवर बोट नेलं की बरेचदा कळतं. मी त्या भानगडीत पडत नाही, थेट सेकंदांत काम करते. चेनवर वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. मुंबईतली १ एप्रिल २०२५ ची मध्यरात्र म्हणजे १७४३४४५८००. १ एप्रिल २०२६ ची म्हणजे १७७४९८१८००. ज्या ब्लॉकचा आकडा याहून लहान, तो मागच्या वर्षातला.

इथेरियमवर तर स्लॉटच थेट काढता येतो. वरच्या आकड्यातून १६०६८२४०२३ वजा करा, १२ ने भागा आणि अपूर्णांक सोडून द्या. २०२५ साठी ११३८५१४८ येतो, २०२६ साठी १४०१३१४८. हा स्लॉट आपल्या घड्याळात रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंदांनी सुरू होतो.

कॉसमॉसवर असं सरळ सूत्र नाही, कारण ब्लॉकमधलं अंतर कमी-जास्त होतं. अंदाजे उंची टाका, वेळ बघा, पुढे-मागे सरका. पाच-सहा उड्यांत नेमका ब्लॉक सापडतो. ती उंची देऊन चौथ्या टप्प्यातले चारही प्रश्न पुन्हा विचारा.

सावधान: साधे नोड जुनी अवस्था पुसून टाकतात. अशा वेळी चूक दाखवणारा संदेश आला तर बरं. काही जोडण्या उंचीकडे दुर्लक्ष करून आजचंच उत्तर देतात आणि ते जुनं समजून आपण लिहून घेतो. उत्तरासोबत उंची आली आहे का, ते बघा. मागच्या तारखेसाठी जुनी अवस्था जपून ठेवणारा "आर्काइव्ह" नोडच लागतो.

## टप्पा ८: ताळा करा

१ एप्रिलची शिल्लक, त्यात वर्षभरात आत आलेलं, त्यात रिवॉर्ड, वजा बाहेर गेलेलं, वजा फी. उत्तर ३१ मार्चच्या शिल्लकीशी जुळायला हवं. ईथर, सोल, ॲटम यांतच जुळवा. रुपयांत जुळवायला बसलात तर भावातल्या चढउतारात खरी चूक लपून जाते.

फरक आला तर "किरकोळ आहे" म्हणून सोडू नका. गिरगावातल्या एका ताईंचा फरक यायचा ०.००६८४८६४ सोल. तासभर मी फीच्या नोंदी उलटसुलट केल्या. शेवटी तो ०.००२२८२८८ ने भागला आणि उत्तर आलं बरोबर ३. त्यांनी वर्षात नवी ३ स्टेक अकाउंट्स उघडली होती आणि तिन्हींची राखीव रक्कम मी धरली नव्हती.

सोलानावरचा फरक आधी या आकड्याने भागून बघा. कॉसमॉसवर फरक आला तर अनबॉन्डिंगची यादी आणि रिवॉर्डचा पत्ता पुन्हा उघडा. इथेरियमवर विथड्रॉवलचा टॅब.

ताळा जुळला की नोडची मूळ उत्तरं जशीच्या तशी फाइलमध्ये साठवा, शीट वेगळी ठेवा. फाइलच्या नावात चेन, पत्त्याची शेवटची सहा अक्षरं आणि ब्लॉकची उंची किंवा एपॉक लिहा. स्क्रीनशॉट घ्यायचाच असेल तर पूर्ण पत्ता आणि उंची दोन्ही दिसतील असा घ्या. काकांना आता हे पाठ झालंय. यंदा त्यांनी सातही खात्यांची यादी स्वतःच करून पाठवली, फक्त एका पत्त्यापुढे "स्टेक"च्या जागी "व्होट" लिहिलं होतं.